चेंडू पायाखाली असताना

अंकुश परसराम उके याची नागपूरच्या चाचणीत निवड झाली नाही, आणि त्यानंतर त्याने चेंडूला पाय लावला नाही. झालं ते एवढंच. आता हे झालंच नाही असं धरून पुढे जायचं, कारण चिखल्याच्या खाण-कॉलनीत परसरामच्या घरी तीन वर्षं तसंच चालू आहे. सुमनबाई पाहुण्यांना अजून वर्तमानकाळात सांगते, आमचा अंकुश फुटबॉल खेळतो. परसराम दर रविवारी पोराच्या बुटांना खोबरेल तेल लावतो. बूट रेक्झिनचे आहेत, त्यांना तेलाचा काडीचा उपयोग नाही. पण बापाला हे सांगणार कोण? अंकुश त्या बुटांकडे दुसऱ्या कुणाचे असावेत तसं पाहतो आणि वजनकाट्यावर कामाला जातो. तिथे मॅंगनीजचे ट्रक मोजतो. भरलेल्यातून रिकामा वजा केला की दिवस संपतो.

पोरगं खेळायचं मात्र असं, की पाहणाऱ्याला स्वतःच्या पायांची लाज वाटावी. खाणीच्या ढिगाऱ्याखालचं मैदान ते. गवत औषधालाही नाही, जुन्या रुळांचे गोलपोस्ट, आणि जरा वेळ खेळलं की काळ्या धुळीने सगळ्यांचे पाय गुडघ्यापर्यंत एकाच जातीचे होत. तुमसरहून खेळायला आलेले संघ परत जाताना अंकुशचं वय पुन्हा पुन्हा विचारत. गोलकीपर कैलाश त्याचा जिगरी दोस्त. सरावाला दोघं समोरासमोर असले आणि अंकुश चेंडू घेऊन निघाला, की कैलाश आधीच पाठ फिरवून चेंडू आणायला मागे चालू लागायचा. वेळ वाचते, म्हणायचा.

त्या मैदानाचा एक नियम कुठल्या पुस्तकात नाही. पाळी लागताना-सुटताना खाणीचा भोंगा आखूड वाजतो. त्याच्याकडे कुत्रंही मान वर करून पाहत नाही. पण भोंगा लांब वाजू लागला आणि थांबेना, की समजायचं, खाली काहीतरी झालं. मग ज्याच्याकडे चेंडू असेल त्याने त्यावर पाय ठेवायचा आणि सगळ्यांनी तोंड मिटून उभं राहायचं, खबर येईस्तोवर. अंकुश-कैलाश लहान असताना एकदा पोरांच्या आरड्याओरड्यात हा भोंगा कुणाला ऐकूच गेला नव्हता. कैलाशने पेनल्टी अडवली म्हणून पोरं त्याला खांद्यावर नाचवत निघाली, आणि त्याच वेळी खाणीतून काढलेल्या त्याच्या काकाला स्ट्रेचरवर घालून माणसं निघाली. दवाखान्याच्या वळणावर दोन्ही मिरवणुका समोरासमोर आल्या. नंतर हा नियम कुणी केला नाही. तो झाला.

नागपूरला अंकुशला ताराचंद मास्तर घेऊन गेले. हे खाणीतून निवृत्त झालेले, कॉलनीच्या संघाला शिकवणारे. शिट्टी गळ्यात ठेवूनच झोपतात अशी त्यांची ख्याती. सामना संपत आलेला, बरोबरीत. निवड करणारे साहेब खुर्चीत पुढे सरकले होते, कारण अंकुशने दोघांना चकवलं होतं, तिसरा आपल्याच पायात अडकून पडला होता आणि समोर नुसता गोलकीपर उरला होता. तेवढ्यात मैदानामागच्या कुठल्याशा कारखान्यात आगीच्या तालमीचा भोंगा सुरू झाला. लांब. थांबेना.

अंकुशने चेंडूवर पाय ठेवला आणि उभा राहिला.

गोलकीपरला वाटलं ही काहीतरी नवी चाल आहे, म्हणून तोही उभा राहिला. मग मागून एक बचावपटू आला आणि झोपलेल्या माणसाच्या उशाखालून किल्ली काढावी तसा चेंडू अलगद काढून घेऊन गेला. अशा वेळी कडेवरून कुणीतरी 'खेळ रे' म्हणून ओरडायचं असतं. ते काम मास्तरांचं होतं. मास्तर टोपी हातात घेऊन, मान खाली घालून उभे होते.

साहेबांनी कागदावर लिहिलं, एकाग्रता कमी.

मैदानाबाहेर येताच अंकुशने आईला फोन लावला आणि बाबा खाणीतून वर आले का, एवढंच विचारलं. सुमनबाईने प्रश्न ऐकलाच नाही, पोराचा आवाज ऐकला. गॅस बंद करून ती खाणीच्या तोंडाशी धावली. ती धावते म्हणून शेजारीण धावली, आणि शेजारीण धावते म्हणून कॉलनी. परसराम पाळी संपवून डोक्यावरच्या बत्तीसकट वर आला, तर सगळा गाव त्याच्याचकडे पाहून राहिलेला.

"कोन गेला जी?" त्याने विचारलं.

"कोनीच नाही," सुमनबाई म्हणाली आणि खाली बसून रडू लागली.

इतकी माणसं कामं टाकून जमली आणि आपल्याला साधं खरचटलंही नाही, याने परसरामला ओशाळल्यासारखं झालं. पुढे कधीतरी पानठेल्यावर एकाने ते बोलूनही दाखवलं. "परसराम, तुले थोडंसं काही झालं असतं ना, तं पोराच्या थांबन्याले काही अर्थ राह्यला असता." तो गमतीनेच म्हणाला. परसरामही हसला. त्या दिवशी घरी येऊन तो जेवला नाही.

यंदा पावसाळा सरला की अंकुशच्या वयाची शेवटची चाचणी. ती गेली की पोरगा कायमचा काट्याचा. परसरामने खूप विचार केला. भोंगा बंद करणं त्याच्या हातात नव्हतं, स्वतःला वर काढणं होतं. खाणीच्या छताला लाकडाचे टेके देण्यात उमर घालवलेल्या माणसाने लॅम्प रूममध्ये बसून बत्त्या वाटायचं काम मागून घेतलं. खालच्या माणसाने वरचं काम मागितलं की गुडघे गेले असं समजतात. परसराम थोडा लंगडूही लागला, विचारणाऱ्यांची सोय म्हणून. आधी महिनाभर तात्पुरतं बसवलं; बदली पक्की होईपर्यंत त्याने घरात चकार शब्द काढला नाही. पक्की झाली तशी त्या संध्याकाळी बुटांची जोडी पिशवीत घालून तो काट्यावर गेला. उभा असलेला ट्रक निघून जाऊ दिला.

"आता मी वर हावो," तो म्हणाला. "भोंगा वाजला तरी तुहं कोनी खाली नाही. खेळ."

अंकुशने बूट हातात घेतले. बोट आत घालून पाहिलं, तेलाचा वास घेतला. मग म्हणाला, "कैलाश खाली हाय, बाबा. तुमच्याच जागेवर घेतलं त्याले."

हे परसरामला ठाऊक नव्हतं असं नाही. रोज सकाळी कैलाशच्या हातात बत्ती तोच देत होता, शिवाय नीट राह्यजो म्हणूनही सांगत होता. फक्त ही गोष्ट आणि ती गोष्ट त्याने एका जागी ठेवून पाहिली नव्हती.

"मंग मी परत खाली जाऊ का?" त्याने विचारलं.

"मंग तुमी खाली राहान."

दुसरा ट्रक आला. अंकुशने बूट पिशवीत घालून पिशवी बापाच्या हातात दिली, हळूच, आणि वजन घ्यायला गेला.

दुसऱ्या दिवशी परसराम मोहाडीला गेला. धाकटी लेक रुचिता तिथे सेतू केंद्रात लोकांचे अर्ज टाइप करते; सरकारी मराठी तिला घरच्या मराठीइतकीच येते. बापाने काय हवं ते सांगितलं. असा अर्ज कुठल्याच खिडकीवर घेत नाहीत, असं तिने समजावलं. मग अर्ज कुणाच्या नावाने करू, तेही विचारलं. परसराम म्हणाला, ज्याच्या हाती असन त्याच्या नावानं कर. रुचिताने बापाच्या तोंडाकडे पाहिलं, रांगेतल्या माणसांना थांबायला सांगितलं आणि नावाची जागा कोरी ठेवून टाइप करायला घेतलं. चेंडू नेमका कुठल्या पायाखाली होता, हे तेवढं तिने पुन्हा एकदा विचारून घेतलं.

"सबब, अर्जदाराची नम्र विनंती की, सदर सामना जिथे थांबला तिथूनच पुढे खेळवण्यात यावा, दोन्ही संघांच्या सर्व खेळाडूंना त्या वेळच्या आपापल्या जागी उभे राहण्याचे, तसेच चेंडू अर्जदाराच्या मुलाच्या डाव्या पायाखाली परत ठेवण्याचे आदेश व्हावेत, आणि गोल होईपर्यंत कोणत्याही खाणीत, कारखान्यात वा घरात कोणालाही काहीही होऊ नये, याबाबत सर्व संबंधितांना सक्त ताकीद देण्यात यावी."