उजव्या हाताचं क्रियापद

मुष्टियोद्ध्या घणाला इंग्रजी येत नव्हतं असं नाही. ते त्याच्या मुठींत होतं.

परदेशात मुष्टियुद्ध शिकवायची नोकरी ठरली होती, फक्त इंग्रजीची तोंडी परीक्षा आडवी आली होती. इंग्रजी बोलताना घण आणायच्या जागी न्यायचा, शिकायच्या जागी शिकवायचा. शेवटी ताईने वाळूची पिशवी टांगली. "आपल्याकडे येतं ते डाव्याने. ब्रिंग, लर्न. दुसऱ्याकडे जातं ते उजव्याने. टेक, टीच. हाण!"

महिनाभर त्याने हाणलं. चार पिशव्या फुटल्या, पण क्रियापदं चुकेनात. भानगड एवढीच, की ठोसा कशावर तरी बसल्याशिवाय शब्द सुटेना. प्रश्न विचारायला दाजींना समोर बसवलं. दाजींचे दोनच प्रश्न विचारून झाले.

"परीक्षेत हात खिशात," ताईने बजावलं. "परीक्षा घेणाऱ्या बाईंना बोट जरी लागलं तरी नोकरी गेली, आणि घरी मी आहेच."

परीक्षक बाई किरकोळ बांध्याच्या होत्या. टेबलावर काच, भिंती प्लायवुडच्या, दारावर पाटी: 'मोडतोड केल्यास नापास.' बाईंनी चित्र दाखवलं. एकजण घरात बादली आणतोय. घणाच्या डोक्यात सगळं सामसूम. त्या खोलीत स्वतःची म्हणावी अशी त्याची एकच वस्तू होती: जबडा.

त्याने डावा हाणला. "ब्रिंग!"

"बरोबर," म्हणत बाईंनी खुर्ची मागे घेतली.

सहाव्या प्रश्नाला ओठ फाटला. आठव्याला एक दात टेबलावर येऊन पडला.

"थांबू या का हो?"

"दोनच राहिलेत बाई," घण रक्त गिळत म्हणाला.

नशिबाने नऊच्या नऊ प्रश्न डाव्याचे निघाले. दहाव्या चित्रात फळा होता, समोर मुलं, आणि खडू घेतलेला मास्तर.

उजवा.

त्या उजव्याने आजवर अकराजण आडवे केले होते. शुद्धीवर आल्यावर एकालाही स्वतःचं नाव सांगता आलं नव्हतं.

"जरा कान इकडे करा," घण म्हणाला. "एकदाच ऐकू येईल."

"टीच," खाली जाता जाता तो म्हणाला.

बाईंनी वाकून पाहिलं, सवडीने दहापर्यंत मोजलं आणि दहापैकी दहा दिले.

डोळे उघडले तेव्हा ताई तोंडावर पाणी मारत होती. "पास झालास रे! आता नाव सांग बघू तुझं."

घणाने बराच विचार केला.

"टीच."

"चालेल," ताई म्हणाली. "नोकरीपुरतं पुष्कळ झालं."