शनिवारचं तेल

त्रिंबकच्या तोंडाला फेस आला तेव्हा बानाबाई त्याला ताक पाजायच्या खटपटीत होती. विषावर ताक द्यावं, एवढं तिला ठाऊक होतं. पण हे विष त्याने प्यायलेलं नव्हतं. ते कातडीतून आणि श्वासातून आत गेलं होतं.

त्रिंबक तिचा एकुलता एक. वाळूजला कारखान्यात कामाला होता. संक्रांतीच्या सुट्टीत कन्नडजवळच्या आपल्या गावी आला आणि हरभऱ्यावर अळी पडलेली बघून पाठीवर पंप बांधून शेतात उतरला. दरवर्षी ही फवारणी नदीपलीकडच्या बौद्ध वस्तीतली माणसं करत. ती आधी मूठभर माती उडवून वारा बघत, मग वाऱ्याकडे पाठ करून चालत. यंदा विद्यापीठाच्या नावावरून गाव पेटलं होतं आणि वस्तीतल्या कुणाला कामावर बोलवायचं नाही असं चावडीवर ठरलं होतं. तेव्हा बानाबाईनेही मान डोलावली होती. त्रिंबकने सकाळभर वाऱ्याला तोंड देऊन फवारलं.

उपकेंद्रातल्या सिस्टरने त्याच्या पापण्या उघडून बघितल्या. डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. तिच्याजवळ होती तेवढी इंजेक्शनं तिने दिली आणि सांगितलं, की आता औरंगाबादला घाटी दवाखान्यात नेलं तरच काही होईल. कन्नडला नेलं तरी तिथले लोक पुढे घाटीतच पाठवतील. याचा श्वास हळूहळू थांबत जाणार आहे, त्याच्याआधी पोचा.

पोचायचं कशाने? विद्यापीठाचं नाव बदलल्याचा निर्णय जाहीर झाला होता आणि त्यावरून बंद पुकारला होता. एस. टी. आगारात उभी होती. गावातला एकमेव ट्रॅक्टर ऊस घेऊन साखर कारखान्यावर गेला होता, तो तिकडेच अडकला. राहिली गयासची जीप. एरवी ती कन्नड ते औरंगाबाद माणसं वाहायची. गयासने नाही म्हटलं नाही, पण त्याने काटा दाखवला. टाकीत डिझेल तळाला होतं, आणि रस्त्यावरच्या पंपांना दोरखंड बांधलेले होते.

घराघरांतून रॉकेल गोळा केलं. त्या महिन्याचं रेशन आलेलं नव्हतं. दोन-तीन बाटल्यांवर काही भरलं नाही.

तेव्हा गयासला शहागंजातल्या गॅरेजमधली गोष्ट आठवली. तो तिथे शिकाऊ असताना त्याच्या उस्तादाने सांगितलं होतं, की डिझेलच्या इंजिनाला ठिणगी लागत नाही. ते हवा दाबून दाबून एवढी तापवतं, की तिच्यात जे तेल पडेल ते आपोआप पेटतं. मग ते जमिनीतून निघालेलं असो की करडईतून. अट दोनच. तेल पातळ पाहिजे आणि स्वच्छ पाहिजे. पातळ करायला रॉकेल होतंच. स्वच्छ तेल साहेबरावाच्या घाण्यावर होतं.

साहेबराव तेली कॅन भरून घेऊनही आला. पण तो घरापर्यंत पोचला तशी बानाबाई उठून आडवी आली.

"आज शनिवार हाय, दादा. शनिवारी तेल घरी आणत नाय कुणी. माज्या लेकराच्या मागं आणखी शनी नगं लावू."

साहेबरावाच्या मनातही तेच होतं. त्याने कॅन खाली ठेवला. शनिवारी विकत घेतलेल्या तेलाबरोबर शनी घरात येतो, हे त्या गावात उन्हापावसाइतकं खरं होतं. बानाबाईचा नवरा शनिवारीच गेला होता. मुलाचे ओठ निळे पडत चालले होते, आणि तिच्या दृष्टीने त्याला मारणारी गोष्ट त्या कॅनमध्ये होती.

मग तिलाच सुचलं. शनिवारी सगळं गाव मारुतीला तेल वाहतं. ते तेल मारुतीचं होऊन जातं, आणि मारुतीपुढे शनीचं काही चालत नाही. मूर्तीच्या पायाशी दगडी कुंडी होती. कित्येक शनिवारांचं तेल तिच्यात साठलेलं. बानाबाई स्वतः घागर घेऊन देवळात गेली, तेल उपसून आणलं आणि लुगड्याचा पदर दुहेरी करून त्यातून गाळलं.

गयासने त्या तेलाकडे बघितलं. ते केशरी होतं. मूर्तीवरचा शेंदूर त्यात उतरला होता. शेंदूर म्हणजे पिठाहून बारीक भुकटी, पदरातून काय गाळली जाणार? ती इंजिनाच्या गाळणीत जाऊन बसली की इंजिनाला तेल मिळणार नाही. हे त्याला कळत होतं. पण साल कोणतं होतं तेही कळत होतं. मशीद पडली त्या डिसेंबरपासून कोण कुठल्या शब्दावर भडकेल याचा नेम राहिला नव्हता. देवळातून आणलेलं तेल घाण आहे, हे गयासने कुठल्या तोंडाने म्हणावं? त्याने रॉकेल मिसळलं आणि गुपचूप टाकी भरली.

जीप सुरू झाली तेव्हा बायांनी हात जोडले. मागच्या बाकावर त्रिंबकचं डोकं मांडीवर घेऊन बानाबाई बसली होती. त्याच्या घशातून घरघर येत होती. नदीचा फरशीपूल ओलांडला, आणि पलीकडची चढण चढता चढता जीप खोकायला लागली. दोन आचके दिले आणि बंद पडली. शेजारीच बौद्ध वस्ती होती. दिवेलागण झाली होती.

गयासने बॉनेट उघडून गाळणी काढली. आत केशरी चिखल होता. त्याने तो बोटाने खरवडला आणि पहिल्यांदाच स्पष्ट सांगितलं.

"मावशी, शेंदरानं गच्च झालंय. मला तवाच समजलं व्हतं. बोलायला भ्यालो."

बानाबाई त्याच्या बोटांकडे बघत राहिली. रागवायलाही वेळ नव्हता. गाळणी उरलेल्या रॉकेलने धुता येईल, तो म्हणाला, टाकी रिकामी करता येईल. पण आत घालायला साफ तेल पाहिजे. परत गावात जाऊन साहेबरावाकडून आणायचं तर पायी जाणं-येणं. त्रिंबकची छाती वर यायची आणि बराच वेळ तशीच राहायची.

वस्तीत मांडव घातलेला दिसत होता. पुरुषमंडळी सगळी औरंगाबादला, विद्यापीठाच्या दरवाजावर. बाया दुसऱ्या दिवशीच्या जेवणाच्या तयारीत होत्या. भामाबाई पुढे आली. बानाबाईच्या शेतात ती वर्षानुवर्षं खुरपायला यायची. गेल्या महिन्यापासून दोघी रस्त्यात समोरासमोर आल्या तरी बोलत नव्हत्या.

बानाबाईने तेल मागितलं.

"गिरणीत आमचं पीठ दळू दिलं नाय तुमच्या गावानं," भामाबाई म्हणाली. "अन् तेल आमच्याकडं मागतीस?"

"मागते."

"शनिवार हाय. दिवे लागलेत. चालतंय का तुला?"

"लेकरू जातंय माजं, भामा."

भामाबाईने जीपमध्ये डोकावून बघितलं. फवारणीने पडलेली माणसं तिने आधी पाहिली होती. मग तिची नजर गयासच्या केशरी हातांवर गेली.

"मारुतीच्या तेलानं पोरगं घाटीत पोचलं, असं म्हणंल गाव उद्या. तवा तू काय म्हणशील?"

"खरं ते सांगीन."

"बघू," असं म्हणून भामाबाई आत गेली.

नामांतराच्या जेवणाला पुऱ्या करायच्या म्हणून वस्तीने मिळून तेलाचा डबा आणला होता. त्याचं सील अजून फोडायचं होतं. बायकांत जरा कुजबुज झाली. एक म्हातारी म्हणाली, की यांच्या पोरांनी आपल्या वस्तीची पाटी फोडली. भामाबाईने विळा उचलला. त्याच्या टोकाने डब्याला भोक पाडलं, निम्मं तेल पातेल्यात ओतलं आणि चुलीवर धरलं, म्हणजे थंडीत घट्ट राहायला नको. गयासने टाकी रिकामी करून पुसली, गाळणी धुतली, कोमट तेलात राहिलेलं रॉकेल ओतलं, इंजिनाजवळच्या छोट्या हातपंपाने तेलाच्या नळीतली हवा काढली. बटण दाबलं. इंजिन नुसतंच फिरलं. पुन्हा दाबलं. बानाबाई त्रिंबकच्या नाकाखाली हात धरून बसली होती. हाताला काही लागत होतं की नाही, तिला सांगता आलं नसतं. तिसऱ्यांदा इंजिनाने पांढरा धूर सोडला आणि ते सुरू झालं.

वेरूळची चढण जीप पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने चढली. मागे सगळ्या रस्त्यावर तळणाचा वास पसरत होता. खुलताबादेजवळ दगड लावून बसलेल्या पोरांनी गाडी अडवली, आत टॉर्च मारला आणि मुकाट्याने दगड बाजूला केले. वाटेत दोनदा त्रिंबकचा श्वास थांबला, दोन्ही वेळा बानाबाईने त्याच्या छातीवर मुठी आपटल्या. घाटीच्या दारात त्याला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा तो जिवंत होता. त्यापुढे त्याच्या घशात घातलेल्या नळीतून यंत्राने हवा जात राहिली, आणि बानाबाई बाहेरच्या फरशीवर बसून राहिली. कितीदा तरी तिला वाटलं, आता आतून कुणी येऊन सांगणार.

हरभरा पिवळा पडला तेव्हा त्रिंबक घरी आला. त्याचे हात अजून थरथरत होते, पण भाकरी आपल्या हाताने खात होता.

गावाने त्यानंतरच्या शनिवारी मारुतीला नारळ फोडायचं ठरवलं होतं. साहेबरावाने सगळ्यांना विचारलं, की देवाच्या तेलावर गाडी चालली, असं कधी कुणी ऐकलं होतं का? बानाबाईला पुढे बोलावलं. तिच्या हातात तेलाची वाटी होती. गयास देवळाबाहेर निंबाखाली उभा होता आणि खाली बघत होता.

तिने मारुतीला तेल वाहिलं, डोकं टेकवलं. मग गावाकडे वळली.

"मारुतीचा दोष नाय. पण त्या तेलानं गाडी नदीपल्याड बंद पडली. घाटीत नेलं ते भामाबाईच्या तेलानं. नामांतराच्या जेवणाचं तेल व्हतं ते. शनिवारीच दिलं तिनं."

नारळ तसाच राहिला. एकेक जण चपला घालून निघून गेला.

सोंगणीला तिच्या शेतात गावातलं कुणी आलं नाही. पहिला दिवस ती एकटीच वाकली. घाटे तडकून दाणे मातीत गळत होते. दुसऱ्या सकाळी बांधावर नदीपलीकडच्या बाया येऊन उभ्या राहिल्या. पुढे भामाबाई होती, खांद्यावर विळा.

"आधी रोज किती, ते ठरव," ती म्हणाली. "मग वाकते."