कोंडवाड्याचे फाटक

मित्रांनो, मी एक जुने फाटक आहे. इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या एका डोंगरी गावात, ओढ्याच्या काठी, दगडी कोंडवाड्याला मला बसवले होते. ओकचे लाकूड, लोखंडी बिजागऱ्या. भटकी गुरे माझ्यामागे कोंडली जात. ती दिवसभर अंग घासत, धडका देत, हंबरत. त्यामुळे मला कधी स्वस्थता म्हणून मिळाली नाही.

गुरे पकडून आणणारा माणूस म्हणजे सेथ ओल्ड्रॉईड. अशा माणसाला तिकडे पिंडर म्हणत. आज तो शब्दही कुणाला ठाऊक नाही. सेथवर सगळे गाव चिडलेले असे. विधवा मार्था हेब्डन तर रस्त्यातूनच ओरडे, "काय रे सेथ, माझी गाय दिसली की तुझे गुडघे दुखायचे थांबतात वाटतं!"

"काकू, तुमची गायच मला शोधत येते. मी काय करू?" असे म्हणून सेथ हसे, आणि पुष्कळदा नुसती ताकीद देऊन गाय सोडून देई.

पुढे गावाच्या कुरणाला जमीनदाराने भिंती घातल्या. चरायला जागा उरली नाही, तशी गुरे जास्तच भटकू लागली. सेथ त्यांना सोडून देतो, हे कारभारी क्रॉस्लँडच्या कानावर गेले. त्याने मला स्वतःचे कुलूप ठोकले आणि किल्ली खिशात घातली. सेथने गुरे आणायची आणि कारभाऱ्याने फाटक उघडायचे, असा नवा कायदा झाला.

त्या सप्टेंबरात माळावर तीन दिवस पाऊस कोसळत होता. आत मार्थाची गाभण गाय आणि अकरा मेंढ्या होत्या. चौथ्या दिवशी दुपारी ओढा काठ सोडून आत शिरला. मेंढ्या एकमेकींच्या पाठीवर चढू लागल्या. गाय माझ्यावर छाती टेकून उभी राहिली. तिचे थरथरणे माझ्या फळीफळीत उतरत होते. उघडावे म्हणून मी तडफडत होते. पण फाटकाला स्वतःहून उघडता येत नाही.

सेथ कारभाऱ्याच्या घरी धावला आणि धापा टाकत परत आला. "तो बाजाराला गेलाय. किल्ली त्याच्या खिशात!"

"मग फोड ना!" कंबरभर पाण्यातून मार्था ओरडली. "बघत काय उभा राहिलास?"

"काकू, पिंडरनंच कोंडवाडा फोडला तर माझी नोकरी जाईल. घरही नोकरीचंच आहे."

मार्थाने येताना आणलेली पहार त्याच्या हातात दिली.

सेथने कुलपाला हात लावला नाही. ते भक्कम होते. त्याने पहार बिजागरीत घातली आणि अंगातले सगळे बळ लावले. माझी कड चिरत गेली. तसले दुखणे मी पुन्हा अनुभवले नाही. तसा आनंदही नाही. मी पाण्यात आडवे झाले आणि गाय माझ्यावरून चढून बाहेर पडली. दहा मेंढ्या निघाल्या. एक वाहून गेली. सेथ तिच्यामागे वळणापर्यंत धावला आणि रिकाम्या हातांनी परतला.

आठवड्याभरात त्याला घर सोडावे लागले. पाठीवर बोचके घेऊन तो शहरातल्या कापडगिरणीकडे निघाला, तेव्हा मार्था त्याच्याबरोबर वेशीपर्यंत गेली. ज्या माणसांनी त्याला शिव्या दिल्या होत्या, ती दारांत येऊन उभी होती.

मला पुन्हा बसवले, पण वाकडे. नंतर पिंडर नेमायचेच बंद झाले. आता मी खाजऱ्या रानगवतात पडून आहे. वारा सुटला की उरलेली एक फळी उगाच हलते.

मित्रांनो, गाय, कुत्रा, पोपट, ज्याला कोंडाल त्याची किल्ली जवळ ठेवा. दूर जाणार असाल तर थांबणाऱ्याच्या हाती द्या. आणि तेही जमणार नसेल, तर बिजागऱ्या फार घट्ट ठोकू नका.