नाव काढायला हरकत नाही

“आता ‘ळ’ कसा काढायचा ते बघा,” असं म्हणत सुश्रुत आगाशेने एक्सचं बटण दाबलं आणि पडद्यावर ‘खळं’ हा शब्द पुरा झाला. “एक्सवर का, ते मला विचारू नका. ज्याने हे बनवलं त्याचं काहीतरी डोकं चाललं असणार. पण सवय होते.”

मुलं हसली. प्रोजेक्टरची वायर सैल होती, ती हाताने दाबून धरत सहदेव भोईर बाजूला उभा होता. तो हसला नाही. त्याची कानशिलं एकदम तापली.

ठाण्याच्या या कॉलेजात सहदेव चोवीस वर्षं कॉम्प्युटर लॅबचा सहायक होता. सुश्रुत मराठीचा प्राध्यापक, वय एकतीस, डोंबिवलीचा, कॉलेजात येऊन तीनच वर्षं झालेली. खाडीकाठच्या गावांतले जुने शब्द गोळा करून त्याने एक वेबसाइट केली होती. चौकटीत इंग्रजी अक्षरांनी शब्द टाइप केला की तो मराठीत उमटायचा, खाली अर्थ यायचा आणि कुणा म्हाताऱ्या माणसाच्या आवाजात तो ऐकूही यायचा. एका भाषा-संस्थेच्या पुरस्कारासाठी कॉलेज ही साइट पाठवणार होतं. शुक्रवार शेवटची तारीख होती.

एक्सवर ‘ळ’ का, हे त्या खोलीत एकट्या सहदेवला माहीत होतं. तो बाळकुमचा, आगरी. सहावीत ठाण्याच्या शाळेत गेला तेव्हा पहिल्याच दिवशी तो ‘शाला’ म्हणाला आणि अख्खा वर्ग हसला. घरात ‘ळ’ नव्हताच. ते अक्षर तो घोटून घोटून शिकला. पुढे स्वतःच्या जिवावर कॉम्प्युटर शिकला आणि दोन हजार पाच साली, फोनवर मराठी लिहिता येईल असं कोणाच्या मनातही नव्हतं तेव्हा, सहा महिने खपून त्याने मराठी टाइप करायची स्क्रिप्ट लिहिली. साडेतीनशे ओळी. मराठीत एक्सला काही काम नव्हतं, म्हणून ते बटण त्याने ‘ळ’ला देऊन टाकलं.

ती त्याने एका फुकट साइटवर ठेवली आणि वर अटी लिहिल्या. कोणीही आपल्या साइटवर वापरा, पैसे नकोत. विकू नका. सुरुवातीच्या चार ओळींत माझं नाव आणि पत्ता आहे, त्या काढू नका. चौकटीखाली माझं नाव दिसू द्या. वापरलीत तर मेल करून कळवा. दोन-तीन वर्षं मेल येत राहिले. मग मराठी लिहायच्या नव्या सोयी आल्या, ती फुकट साइट बंद पडली, मेलचं खातंही गेलं. सहदेवने कॉलेजात कोणाला त्यातलं काही सांगितलं नव्हतं. आधी लाजेने, आणि नंतर सांगून कोणाला खरं वाटेल म्हणून.

तास संपल्यावर मुलं सुश्रुतभोवती गोळा झाली. तो मधे उभा राहून ‘खलं’, ‘मिठागर’ असे शब्द अस्सल आगरी ठेक्यात म्हणून दाखवत होता. सहदेव वायर गुंडाळत ऐकत होता. ज्या ‘ल’ने त्याला शाळेत रडवलं, तोच ‘ल’ आगाशेच्या तोंडून आला की टाळ्या पडत होत्या.

“थँक्यू हां, सहदेवदादा,” सुश्रुत जाताजाता म्हणाला. “आईंना सांगा, उद्या रेकॉर्डर घेऊन येतो.”

हेही होतंच. साइटवरच्या आवाजांपैकी निम्मे आवाज सहदेवच्या आईचे, गोदाबाईचे होते. वर्षभर सुश्रुत दर आठवड्याला बाळकुमला येत होता. टॉवरांच्या मधल्या त्यांच्या जुन्या घरात ऐसपैस मांडी घालून बसायचा, आईच्या हातची सुकी मासळी मागून खायचा. ‘केळकर-आगाशे काय सुकट खातात’ असं सहदेव एकदा बायकोला म्हणाला होता. आपल्या आवाजातली खोट त्याची त्यालाच ऐकू आली होती.

लॅबमध्ये जाऊन त्याने, आजवर मुद्दाम न पाहिलेली ती साइट उघडली आणि आतली ओळ न् ओळ पाहिली. स्क्रिप्ट त्याचीच. एका ठिकाणी त्याने ‘गोदा’ असं नाव दिलेला एक तुकडा होता, तोही तसाच. फक्त वरच्या चार ओळी नव्हत्या. खाली नाव नव्हतं.

त्याला राग आला हे खरं, पण त्याआधी आणखी काहीतरी आलं. ते आनंदासारखं होतं. तीन वर्षं या मुलात त्याला एकही खोट सापडली नव्हती. आता ती छापून काढता येणार होती.

घरून जुनी सीडी आणून त्याने मूळ स्क्रिप्ट अटींसकट छापली. शेजारी सुश्रुतच्या साइटवरची छापली. मंगळवारी सकाळी दोन्ही कागद आणि एक लेखी अर्ज घेऊन तो प्राचार्य आसावरी देवलांच्या केबिनमध्ये गेला.

बाईंनी चष्मा लावून सगळं वाचलं. “हे तुम्ही लिहिलंय, भोईर?”

“हो, मॅडम.”

“आम्हाला कधी बोलला नाहीत.”

“कोणी विचारलं नाही.”

बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. “पुरस्काराच्या अर्जात प्रतिज्ञापत्र आहे. दुसऱ्याचं काही वापरलं असेल तर त्याचा उल्लेख हवा. उद्या कोणी हे बाहेर काढलं तर कॉलेजची नाचक्की होईल.” त्यांनी शिपायाला सुश्रुतला बोलवायला पाठवलं.

सुश्रुतने उभ्याउभ्याच कागद पाहिले. त्याचा चेहरा उतरला. “मॅडम, मी हे शहाडच्या एका वाचनालयाच्या साइटवरून घेतलं, त्यांना विचारून. नाव कुठेच नव्हतं. मी शोधलेलं, खरंच शोधलेलं.” मग तो सहदेवकडे वळला. “सहदेवदादा, हे तुमचं आहे?”

“अटी वाचा, सर,” सहदेव म्हणाला. “नाव काढू नये असं स्पष्ट लिहिलंय. तुम्ही भाषेची माणसं. तुम्हाला कळायला हवं.”

“पण त्यांनी काढलं असेल तर मला कसं—”

“चोरीचा माल घेणाराही चोरच असतो.”

बोलून झाल्यावर त्यालाच ते वाक्य फार मोठं वाटलं. बाईंनी फाइल मिटली आणि चौकशी होईपर्यंत अर्ज थांबवला. बुधवार सकाळपर्यंत स्टाफरूममध्ये बातमी पोहोचली. ज्या मुली सुश्रुतच्या मागे असायच्या त्या आता कुजबुजत होत्या. सहदेवने तीन वर्षांत पहिल्यांदा डबा मन लावून खाल्ला.

संध्याकाळी गोदाबाई दारातच बसली होती.

“मास्तर का नाय आयला रं? काल येतो बोललावता.”

“येणार नाय तो आता.”

“कनाला?”

“माझी वस्तू चोरली त्याने.”

गोदाबाईने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तो पोऱ्या इकडशी जाताना वाटानं गवलेली सुपारीपन माना परत देतं. तो कनाला चोरल?”

आईचा सुश्रुतवरचा भरवसा सहदेवला त्या टाळ्यांपेक्षाही जास्त झोंबला. आपल्याबद्दल ती असं कोणाजवळ बोलली असेल का, हे आठवायचा त्याने प्रयत्न केला. मग ठरवलं, शहाडला जायचं. नाव कोणी काढलं ते त्या माणसाकडून लिहून घ्यायचं. आणि सुश्रुतने स्वतःच काढलं असेल, तर तेही सिद्ध होईल.

गुरुवारी अर्धी रजा टाकून तो शहाडला उतरला. वाचनालय म्हणजे दोन खोल्या, पुढे फरसबंदी अंगण, त्यात वर्तमानपत्रं वाचणारे चार म्हातारे. काउंटरवर सत्तरीचा, पांढऱ्या सदऱ्यातला माणूस पुस्तकांना कव्हरं घालत होता. काळुराम त्याचं नाव. गिरणीतून निवृत्त झाल्यापासून वाचनालय तोच बघत होता.

“तुमच्या वेबसाइटबद्दल बोलायचंय,” सहदेव ताठ आवाजात म्हणाला. “त्यात मराठी टाइप करायचं जे आहे ते माझं आहे. मी सहदेव भोईर, बाळकुम.”

काळुरामचा हात कव्हरावरच थांबला. “भोईर? तुम्ही भोईर साहेब?” तो काउंटरच्या मागून बाहेर आला, सहदेवचा हात दोन्ही हातांत धरला आणि अंगणातल्या म्हाताऱ्यांना म्हणाला, “अहो, हे बघा कोण आलंय. आपले मराठीवाले भोईर साहेब.”

म्हातारे उठून उभे राहिले. सहदेव गोंधळला. काळुरामने त्याला खुर्चीवर बसवलं, चहा सांगितला, आणि कपाटातून एक जुनी फाइल काढली.

“तुमचं पत्र आहे आमच्याकडे. जपून ठेवलंय.”

पहिल्याच पानावर, प्लास्टिकच्या आवरणात, एका मेलची छापील प्रत होती. दोन हजार आठ, जुलै. वर काळुरामने विचारलं होतं: चौकटीखालच्या तुमच्या नावावर मुलं टिचकी मारतात आणि तुमच्या साइटवर जातात, मग परत यायचं कसं ते त्यांना कळत नाही. कृपया नाव काढायची परवानगी मिळेल का? आपल्या अटी मोडायच्या नाहीत, म्हणून विचारतो.

खाली उत्तर होतं.

‘काळुरामजी, नाव काढायला हरकत नाही. वरच्या चार ओळीही काढून टाका, पान लवकर उघडेल. तुमच्याकडून पुढे कोणी नेलं तरी नेऊ दे, त्यांना काही अट घालू नका. मी अटी लिहिल्या तेव्हा नवा होतो. पोरांना मराठी लिहिता आलं, एवढं पुरे. तुमचा, सहदेव.’

सहदेवने ते दोनदा वाचलं. त्याला यातलं अक्षरही आठवत नव्हतं. छत्तीस वर्षांचा होता तो तेव्हा. लॅबमध्ये वायरीच गुंडाळत होता, पगार आताच्या निम्माही नव्हता. तरी किती सहज लिहून गेला होता तो माणूस. तीन वर्षं सहदेवने सुश्रुतचा हेवा केला होता, पण तो काहीच नव्हता. या पत्र लिहिणाऱ्याचा त्याला इतका हेवा वाटला की कागदाकडे बघवेना.

“दीड हजार मुलं शिकली साहेब त्याच्यावर,” काळुराम सांगत होता. “आता फोन आलेत, पण आम्ही काढलं नाही. मागच्या वर्षी एक प्राध्यापक आलेला, डोंबिवलीचा. म्हणाला, घेऊ का, कोणाचं आहे? मी म्हटलं, मालकाने सगळ्यांना मोकळं करून ठेवलंय, घ्या. नाव सांगायचं राहिलं बघा. तेव्हा माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, घाईत बोलणं झालं. माझी चूकच झाली ती.”

“नाही,” सहदेव म्हणाला. “तुमची कशी होईल.”

चहा आला. तो त्याने संपवला, कारण चार म्हातारे बघत होते. निघताना काळुरामने पत्राची झेरॉक्स काढून दिली.

शहाडच्या फलाटावर बाकावर बसून त्याने तो कागद खिशातून दोनदा काढला. फाडला असता तर कोणाला कळलं नसतं. काळुराम काही ठाण्याला येणार नव्हता. फक्त एक दिवस गप्प बसायचं होतं. शुक्रवार गेला की पुरस्कारही गेला. कल्याणकडची गाडी आली आणि गेली. तो उठला नाही. पुढची आली तेव्हा तो कागदाची घडी घालून उठला.

केबिनमध्ये देवल बाईंनी पत्र वाचलं. “म्हणजे परवानगी तुम्हीच दिली होती.”

“हो.”

“आठवलं नाही तुम्हाला?”

“नाही, मॅडम. पण आठवलं असतं तरी मी तक्रार केली असती की काय, कोणास ठाऊक.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि कोरा कागद पुढे केला. त्याने तक्रार मागे घेतल्याचं लिहून दिलं.

सुश्रुत स्टाफरूममध्ये पेपर तपासत होता. सहदेवने झेरॉक्स त्याच्यासमोर ठेवली. “तुम्ही चोरी केली नाहीत, सर. मीच दिलेलं. अर्ज भरा, उद्यापर्यंत वेळ आहे.”

सुश्रुतने पत्र वाचलं.

“तुम्ही आधी मला विचारलं असतं तर?” तो म्हणाला. “मंगळवारी, त्या केबिनमध्ये जायच्या आधी. मी तुमच्या घरी जेवलोय.”

“माहितीये.”

“माझे वडील काल विचारत होते, खरंच तू चोरलंस का.”

“तुमचं सगळं बघवत नव्हतं,” सहदेव हळूच म्हणाला. एवढंच त्याला सांगता आलं. दोन खुर्च्या पलीकडे बसलेल्या एका प्राध्यापक बाईंनी ते ऐकलं आणि खाली बघितलं.

अर्ज गेला. साइटला दुसरा क्रमांक मिळाला. पानाच्या तळाशी आता ओळ होती: मराठी टंकन, श्री. सहदेव भोईर, बाळकुम. सुश्रुतने ती न सांगता घातली होती. बाळकुमला येणं त्याने थांबवलं नाही, पण सहदेव घरी नसेल अशा वेळी तो येऊन जायचा. आणि कॉलेजात तो त्याला आता अतिशय अदबीने ‘भोईर सर’ म्हणायचा. सहदेवदादा म्हणणं त्याने बंद केलं होतं.

बक्षीस समारंभाला आवाज देणाऱ्या तिघा म्हाताऱ्यांना बोलावलं होतं. सकाळी सहदेवने आईचं हिरवं लुगडं घडी मोडून तिच्या हातात दिलं, चपलांचे पट्टे पुसले. दहा वाजता टॉवरांच्या गेटपाशी गाडी आली. सुश्रुतने उतरून दार उघडलं आणि गोदाबाईला हात देऊन आत बसवलं. मागे तिच्या शेजारी जागा उरली होती.

“भोईर सर, तुम्हीपण या ना,” तो म्हणाला.

“नको, सर. लॅबमध्ये आज प्रॅक्टिकल आहे.”

प्रॅक्टिकल दुसऱ्या दिवशी होतं. ते सुश्रुतलाही ठाऊक असावं. तो पुढे जाऊन बसला.

गोदाबाईने काचेतून मुलाकडे बघितलं. मग मांडीवरची कापडी पिशवी उचलून तिने शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवली आणि गाडी हलताना ती पडू नये म्हणून तिच्यावर हात धरला.