लाइन असेपर्यंत

“आवाज किती करते?” नागोरावांनी तिसऱ्यांदा विचारलं.

यवतमाळच्या त्या दुकानदारानं, बाबूसिंगनं, कपाळावर हात मारला. “मिस्त्री, मशीन हाय ते, बासरी नाई! लोक विचारते पातं टिकते का, मोटर जयते का. तुमी आवाजाचंच धरून बसले.”

समोर दोन रंधा मशिनी होत्या. एका बाजूनं फळी घालायची, दुसऱ्या बाजूनं एकसारख्या जाडीची बाहेर काढायची. दोघांनी उचलता येतील एवढ्याच, घरच्या लाइनवर चालणाऱ्या. एक हलकी, दोन पात्यांची. दुसरी जड, तीन पात्यांची. बाबूसिंगनं दोन्हींतून सागाची पट्टी काढून दाखवली. हलकीनं पट्टीच्या टोकाला जराशी खाच पाडली होती. डोळ्यांना दिसत नव्हती, पण नागोरावांच्या अंगठ्याला लगेच लागली.

“जड बरी,” ते म्हणाले. “आता एक करा. ते चालू ठेवा, अन् त्या पार्टिशनच्या मांगून मले हाक मारा. हळू. ‘आवं’ म्हना.”

“मले बायको बनवता का तुमची?”

“तिलेच लकवा झाला न बाबूसिंग. उजवी बाजू गेली. आवाज एवढासाच निंगते. माहा कारखाना घरातच, मधात एक कूड. हातरंधा चालवतो तवा ऐकू येते मले.”

बाबूसिंग हसायचा थांबला. पार्टिशनमागे गेला आणि खरंच हाका मारल्या. आधी जड मशिनीवर, मग हलकीवर. नागोराव मान वाकडी करून उभे होते. एकही हाक त्यांच्यापर्यंत आली नाही.

मग मशीन घ्यायचीच कशाला? कारण खांदा संपला होता. पस्तीस वर्षं रंधा रेटला की संपतोच. कापसाचा भाव पडला की पेपरवाले शेताच्या बांधापर्यंत येतात, फोटो काढतात आणि तिथूनच परत जातात. सुताराच्या दारात कोण कशाला येईल? आर्णीच्या आसपास कोणी नवी बैलगाडी सांगेना, कोणी तिफण सांगेना. चाकांसाठी बारा वर्षं सावलीत वाळवलेली बाभूळ नागोरावांनी वीटभट्टीला जळतन म्हणून विकली. त्या पैशातच ही मशीन बसणार होती. हातात एकच काम होतं, आश्रमशाळेचे साठ बाक. ठेकेदाराला जाडीत सुताचा फरक चालणार नव्हता.

उपाय बाबूसिंगनंच काढला. “वहिनीच्या हाताशी बेलचं बटन द्या. मशीनवर लाल बल्ब. तिनं दाबलं का पेटला. अन् लाइन नसली तं मशीनच बंद, मंग ऐकूच येते.”

वायर आणि बल्ब त्यानं आपल्याकडून दिले.

गावात लाइन सकाळी नऊ ते एक. वीज विदर्भात बनते, राख विदर्भावर पडते आणि इथल्या माणसाला चार तास मिळतात. नऊच्या ठोक्याला नागोराव मशीन सुरू करत. पहिल्या आठवड्यात बल्ब रोज दोन-तीनदा पेटला. ते मशीन थांबवून आत जात, बेबीताईंना लघवीसाठी पाटी लावत, कूस बदलत, परत येत. पुढं तो एकदाच पेटू लागला. मग पेटेचना. एक वाजता आत जावं तर बेबीताई पडल्या जागी शांत, अंथरूण कोरडं.

नागोराव खूश होते. शेजारच्या हिरासिंगला सांगून बसले, “बेबी सुधरून राह्यली गड्या. आता त्रासच नाई देत.”

बत्तिसाव्या बाकाची फळी चालली असताना लाकडात खिळा निघाला आणि पातं उडालं. अकरा वाजले होते. पान्हा घ्यायला नागोराव आत गेले आणि वासानं दारातच थबकले.

गोधडी ओली होती. कडेनं वाळतही आली होती, म्हणजे आत्ताची नव्हती. बेबीताईंचे ओठ फुटले होते. सकाळी उशाशी ठेवलेला पाण्याचा गिलास तसाच काठोकाठ. बटण डाव्या मुठीत गच्च.

“बटन काहून नाई दाबलं वं?”

बेबीताईंनी मान फिरवली. “लाइन... एकच वाजेलोक असते.”

“अन् पानी? पानी काहून नाई पेली?”

“पेली का मंग... तुमाले उठा लागते.” बराच वेळ लागला त्यांना एवढं म्हणायला. “रोज धरतो मी. आज नाई धरवलं.”

नागोरावांनी ओली गोधडी ओढून काढायला घेतली.

“पातं लावा,” त्या म्हणाल्या. “दोन तास हायेत.”

नागोरावांनी पाणी तापवलं. अंग पुसलं, कुशीवर वळवलं. पाठीवर रुपयाएवढी जखम निघाली. तिला हळद लावली, कोरडं धोतर दुहेरी करून खाली घातलं. बाहेर गिरणी चालू होती, कुणाच्या तरी घरी टीव्हीवर गाणं लागलं होतं. सगळं गाव मिळाली ती लाइन वापरून घेत होतं.

“दोन तास हायेत न...”

“असू दे.”

त्यांनी चमच्यानं पाणी पाजायला घेतलं. अर्धं पाणी हनुवटीवर ओघळलं. ते दुपट्ट्यानं टिपून नागोरावांनी दुसरा चमचा भरला.