रिकामी बशी ठेवून मी नाय उतरायची

आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाला नमिताने त्यांना क्रूझवर पाठवलं. काळुराम आणि काशीबाई पेणच्या खाडीकाठचे. उभा जन्म मिठागरावर गेला. "जे पाणी आपण वाळवून विकतो, ते बघायला पैसे भरायचे?" असं काळुराम म्हणाले आणि सगळ्यांच्या आधी बोटीत चढले.

जेवणाच्या टेबलावर रोह्याचे दत्तात्रेय भेटले. कंपनीतून निवृत्त. ही त्यांची दुसरी क्रूझ, म्हणजे अनुभवी प्रवासी. सोबत पत्नी रंभाबाई, अनुभवी श्रोत्या.

"टिपेचं एक शास्त्र असतं," दत्तात्रेय म्हणाले. "ती बिलात धरलेलीच असते. तरी शेवटच्या दिवशी वर एक पाकीट द्यायचं. पण दिलं असं कुणाला दिसू द्यायचं नाही."

"मग लोकांना कळणार कसं?" काळुरामांनी विचारलं.

"म्हणून तर मी सांगत फिरतो."

काशीबाईंचा पेच वेगळाच होता. त्यांची खोली आवरायला दार्जिलिंगचा प्रवेश नावाचा हसरा तरुण होता. तो पलंगावर बशीत चॉकलेटं ठेवून गेला. चॉकलेटं संपली, बशी उरली. आता दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हे काय सांगायला लागतं? त्यांनी बशी धुतली, पुसली, वर पोह्यांचे पापड रचले आणि दाराबाहेर ठेवली.

संध्याकाळी बशी संत्री घेऊन परत आली. काशीबाईंनी वाल पाठवले. बिस्किटं आली. लाडू गेले. केक आला. सुकट गेली, आणि शेजारच्या शाकाहारी कुटुंबाने खोली बदलून मागितली.

पाहुण्याची बशी रिकामी ठेवू नये, हे प्रवेशला कंपनीने शिकवलं होतं. काशीबाईंना सासूने. दोघंही शिस्तीचे पक्के. दमली ती बशी.

उतरायच्या दिवशी ती काजू घेऊन आली. आणि काशीबाईंची पिशवी रिकामी!

"अवो, आता काय देऊ?"

"हा टॉवेल दे."

"तो त्यांचाच हाय!"

"मग पाकीट दे. रोह्याचे पाव्हणे देतात तसं."

"अवो, बशीत पैसे घालून कोण परत करतं! लेकरासारखा हाय तो. रिकामी बशी ठेवून मी नाय उतरायची. बोट जाईल तिकडं जाईन."

"मी नाय येणार हां," काळुराम म्हणाले आणि घाईघाईने पिशवी झटकू लागले. भोंग्यावरून उतरायची हाक सुरू झाली होती. पिशवीच्या तळातून एक पुरचुंडी पडली. घरच्या मिठागरातलं जाडं मीठ, कैरीला लावायला आणलेलं. काशीबाईंचा चेहरा उजळला आणि लगेच पडला.

"मीठ फुकट दिलं तर नातं तुटतं."

"मग विक की! जन्मभर दुसरं काय केलं?"

काशीबाईंनी बशीत मीठ ओतलं आणि दार उघडलं. बाहेर प्रवेश उभा होता. त्याच्या मागे दत्तात्रेय, हातातलं पाकीट कुणाला दिसू नये अशा बेताने सगळ्यांना दाखवत.

"बेटा, ये हमारे घर का नमक हाय," काशीबाई म्हणाल्या. "फुकट नय देने का. रिश्ता तुटता. एक रुपया निकालो."

प्रवेशने खिसे चाचपले. एका खिशातून किल्ल्या निघाल्या, दुसऱ्यातून पापडाचा तुकडा, तिसऱ्यातून एकदाचा रुपया. तो त्याने दोन्ही हातांनी दिला. काशीबाईंनी रुपया कपाळाला लावला, भरली बशी त्याच्या हातात ठेवली आणि त्याच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

"माँजी, पहली बार पैसेंजर को टिप दिया," प्रवेश खो खो हसत म्हणाला.

दत्तात्रेयांचं शास्त्र तिथेच अडलं. आणि सगळ्या प्रवासात तोंडातून अवाक्षर न काढलेल्या रंभाबाई गरजल्या,

"अहो! इथं प्रवाशांना पण मिळतं? ते पाकीट आत टाका आणि हात पुढं करा!"