हरेश्वरचं बूच

तुळशीची जीभ म्हणजे सुक्या मिरचीची पूड. थळच्या बंदरावर तिच्याशी भावात घासाघीस करायला भलेभले कचरत. पण त्या दिवशी चौलच्या गॅरेजात ती गुमान बसली होती, आणि नवरा हरेश्वर जरा लांब, बाहेरच्या बाकड्यावर.

गुमान का नाही बसणार? व्हॅन मरायला टेकली होती. ही व्हॅन घ्यायला हरेश्वरने होडी विकलेली. गुडघे गेले, दर्यात जाणं संपलं, तेव्हा म्हणाला, "तू पाटी डोक्यावर घेऊन हिंडतेस, गाडी घे." पन्नाशीला तुळशी गाडी शिकली, अन् बंदरावरची मासळी नागावच्या होमस्टेवाल्यांकडे पोचवू लागली. घर त्यावर चालायचं. पण होडी गेल्यापासून हरेश्वर बंदराकडे फिरकला नव्हता की तिच्या देखत हत्याराला हात लावला नव्हता. आता गाडी पण गेली, तर होडी फुकट विकली असं झालं असतं. तुळशीला तीच धास्ती होती.

पहिल्या गॅरेजवाल्याने तर नाडी न बघताच सांगून टाकलं होतं, "काकी, पिस्टनच्या रिंगा गेल्या. ऑईल सगळीकडून गळतंय. इंजिन खोलण्यापेक्षा विकून टाका." त्या रात्री हरेश्वर जेवला नाही. म्हणून तुळशी विनेशकडे आली. विनेश हरेश्वरच्या आत्येभावाचा मुलगा. घाई करत नाही एवढं त्याचं ऐकून होती.

ह्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली. विनेशने सीट उचलली, चालू इंजिनवर ऑईल भरायचं झाकण सैल केलं, तर ते टुणकन उडालं. ऑईल बघायची पट्टी तर आधीच वर सरकून बसलेली. त्याने मासळीची एक रिकामी पिशवी त्या तोंडावर धरली, ती फुगून टम्म झाली.

"काकी, आत वारा कोंडलाय," तो म्हणाला. "इंजिन चालताना थोडा धूर आत उतरतोच. तो बाहेर जायला वाट ठेवलेली असते. वाट बुजली की तो ऑईललाच ढकलतो, मग जिथे फट दिसेल तिथून गळती. रिंगांचं नंतर बघू, आधी वाट बघतो."

वाटेवरचा छोटा व्हॉल्व्ह त्याने काढून कानाशी हलवला. खडखडायला हवा होता, पण आतून काळ्या चिकट गाळाने बंद. "ही एक वाट गेली. पण दुसरी नळी तर असणार," म्हणत त्याने हात आणखी आत घातला अन् थबकला. पक्कड लावून बाहेर काढलं ते लाकडाचं बूच. रबरी नळी कापून काढलेली, अन् ती जिथे बसते त्या तोंडात हे मारलेलं.

"अरे बापरे! हे कुणी केलं?"

तुळशीने ते बोटांत फिरवून बघितलं. सागवानाचं बूच, टोकाला निमुळतं, वर एकाच अंगाने गुंडाळलेला कापूस, त्यावर राळ. होडीच्या फळीला भोक पडलं की असंच ठोकतात. असा सफाईचा हात आख्ख्या कोळीवाड्यात एकाचाच.

आता तिला सगळं उमगलं. दोन महिन्यांपूर्वी गाडीत घाण वास यायचा, ती खोकून खोकून बेजार व्हायची. मग एकाएकी वास गेला. त्यानंतर रोज संध्याकाळी हा माणूस दारात उभा राहून एकच विचारायचा, "खोकला हाय का अजून?"

रागाची कळ तिच्या टाळूपर्यंत गेली, नाही असं नाही. गाडीचा जीव घेतला ह्याने! पण बाकड्यावर तो मान खाली घालून बसला होता, गुडघ्यांवर दोन्ही तळवे टेकवून.

"मीच मारलं," तुळशी म्हणाली. "वास येत होता म्हणून."

"काकी, तुम्ही?" विनेश हसू लागला.

"खोटं बोलते ती!" बाहेरून आवाज आला. हरेश्वर उठून दारात आला होता. "तिला साधा खिळा ठोकता येत न्हाय. मी मारलं. नळी चिरलेली, सगळा धूर हिच्या तोंडावर. खोकायची रे ती. भोक दिसलं, बुजवलं. होडीत उघडं भोक म्हणजे मरण, मला काय ठाव इंजिनाला ते लागतं?" त्याने बुचाकडे बोट केलं. "मीच मारली हिची गाडी. आता हात न्हाय लावायचा मी कशाला."

तुळशीने एकदा बाकड्याकडे बघितलं. गाडी जगली काय, मेली काय, हा माणूस परत त्या बाकड्यावर जाऊन बसला तर काय करायचं?

विनेशने व्हॉल्व्ह धुऊन काढला, खुळखुळ वाजायला लागला तसा जागेवर बसवला. तिठ्यावरच्या दुकानातून नवी नळी आणली. तो ती लावणार तेवढ्यात तुळशीने ती त्याच्या हातातून घेतली आणि नवऱ्यापुढे धरली.

"लावा."

"तुळशे, नको."

"बुजवली तुमी, आता मोकळी पण तुमीच करायची. ह्याने दाखवलं की लावा."

विनेशने दाखवलं. हरेश्वर सीटच्या जागी वाकला. नळी आवळायची पट्टी दोनदा निसटली, तिसऱ्यांदा बसली. विनेश स्क्रू पुन्हा आवळायला पुढे झाला, तर तुळशीने त्याचं मनगट धरलं. "राहू दे. घट्ट हाय."

इंजिन चालू केलं. झाकणाच्या तोंडावर पिशवी ठेवली, ती फुगली नाही, उलट हलकेच आत ओढली गेली. रिंगांना काही झालेलं नव्हतं.

परतताना हरेश्वर बाजूला बसला. नागावच्या नारळाच्या वाड्या मागे पडल्या.

"उद्या बंदरावर चला माझ्यासंगती," तुळशी रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "गाडीचं कोण बघणार? हात अजून चांगला हाय तुमचा."

"काय म्हणालीस?"

त्याला पहिल्या खेपेलाच नीट ऐकू आलं होतं, हे तिला पक्कं ठाऊक. शिवी सोडली तर एक गोष्ट दोनदा सांगायची तिला सवय नव्हती.

तिने पुन्हा सांगितलं.